काळ आला होता

आमच्या इंग्रजीच्या सरांनी एके दिवशी फळ्याच्या मधोमध एक भला मोठा चौकोन आखला, त्याला दोन आडव्या नि तीन उभ्या रेघा मारल्या आणि तयार झालेल्या बारा खणांकडे अभिमानाने पाहत जाहीर केले, "इंग्रजीत बारा काळ असतात!" आम्हाला तोवर एकच काळ ठाऊक होता. तो रेड्यावर बसून येतो. एकदम बारा आलेले पाहून वर्गातली निम्मी मुले जागीच गारद झाली. ती पुढे दुकाने टाकून, ठेकेदारी करून सुखी झाली. बाराच्या बारा पाठ करणारे आम्ही काही जण मात्र बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो.

हे १९९० च्या आसपासचे. मराठी शाळांत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते २००० साली आले आणि आमच्या मागून येणाऱ्यांची निवांतपणाची चार वर्षेही गेली. असो. त्या बारा खणांपैकी भूतकाळाच्या ओळीतले शेवटचे दोन खण म्हणजे माझे जन्माचे वैरी. पास्ट परफेक्ट आणि पास्ट परफेक्ट कंटिन्युअस. मराठीत पूर्ण भूतकाळ आणि चालू पूर्ण भूतकाळ.

"सर, जे पूर्ण झालं ते चालू कसं?" असा एका पोराने सरळ प्रश्न विचारला. सरांनी त्याला उभे केले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा तो अर्धा तास उभा होता. "हॅड बीन स्टँडिंग" याचे याहून जिवंत उदाहरण त्या वर्गाला पुन्हा मिळाले नाही. पण ते उदाहरण आहे हे ना त्याच्या लक्षात आले, ना आमच्या, ना सरांच्या.

सरांनी आमची सोडवणूक सूत्राने केली. वाक्यात 'फॉर' किंवा 'सिन्स' दिसला की डोळे मिटून 'हॅड बीन' लिहायचे आणि क्रियापदाला 'आयएनजी'ची शेपटी लावायची. तो नसेल आणि क्रिया दोन असतील, तर आधीच्या क्रियेला नुसता 'हॅड' आणि क्रियापदाचे तिसरे रूप. संपले व्याकरण! या दुसऱ्या कलमाला सगळीकडे एकच उदाहरण देतात: डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता. "द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम." वाचकहो, महाराष्ट्रातल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या हा रोगी मारलेला आहे. डॉक्टर एकदाही वेळेवर आला नाही.

आता त्याच जागी "हॅड बीन डाइंग" लिहून बघा. रोगी जिवंत! तीन दिवस मरणाशी झुंजतो आहे, घरच्यांनी गंगाजळ काढून ठेवले आहे, पण डॉक्टर आला तेव्हा धुगधुगी आहे. सलाइन लावता येते, फी मागता येते. एका 'बीन'ने स्मशानाचा रस्ता दवाखान्याकडे वळतो. एवढी मोठी गोष्ट आम्हाला शाळेत कुणी सांगितली नाही. सांगितले काय, तर 'फॉर' शोधा.

माझे भांडण आहे ते या सूत्राशी. इंग्रजांशी नाही, आणि त्यांच्या व्याकरणाशी तर नाहीच. आमच्या कपाटात रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण अजून आहे. त्यातले रेनसाहेब एकेकाळी आपल्याच देशात शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि फ्रेंच परदेशी पलटणीतल्या शिपायांवरची 'बो जेस्ट' ही त्यांची कादंबरी १९२४ साली निघून जगभर गाजली. ज्याला वाळवंटातली लढाई लिहिता येते त्याला 'काय घडून गेले होते' आणि 'काय चालले होते' यांतला फरक पक्का ठाऊक असणार. आम्ही मात्र त्याच्या पुस्तकातून परीक्षेपुरती रिकाम्या जागा भरण्याची युक्ती तेवढी उचलली.

आता हे भांडण मी या वयात, रिटायर होईपर्यंत व्याकरणाची गरज नसताना, का उकरून काढतो आहे? तर त्याला एक कारण घडले. कारण सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो.

आमच्या शाखेत माझी इंग्रजीचा पंडित म्हणून ख्याती आहे. ती कशी झाली ते विचारू नका. जिथे बाकीचे 'रिस्पेक्टेड सर'वर थांबतात तिथे मी 'विथ ड्यू रिस्पेक्ट'पर्यंत जातो, एवढेच. गेल्या वर्षी आमच्याकडे एक नवी मुलगी कॅशला आली. तालुक्याच्या गावची, मराठी शाळेतली, कामाला चोख. एका संध्याकाळी तिची कॅश पाच हजारांनी कमी आली. रिवाजाप्रमाणे तिने ते पैसे त्याच दिवशी पदरचे भरले. भरताना तिचा चेहरा पाहवत नव्हता, पण बँकेत अशा वेळी सगळेच आपापल्या स्क्रीनमध्ये डोके घालतात. पुढे वरच्या ऑफिसातून पत्र आले: पाचशेच्या नोटांचे एक पॅकेट तुम्ही न मोजता गिऱ्हाइकाला दिले असावे, शंभराऐवजी एकशेदहा नोटा गेल्या असाव्यात, तरी लेखी स्पष्टीकरण द्या.

मुलीने स्वतःच्या अकलेने इंग्रजीत एक वाक्य लिहिले होते: दुसरे एक गिऱ्हाईक चौकशीला आले तेव्हा, "आय हॅड काउंटेड द पॅकेट ट्वाइस." आणि ते दाखवायला, दुर्दैवाने, ती माझ्याकडे आली.

"हे फार तुटक वाटतं गं," मी पेन काढत म्हणालो. "किती वेळ मोजत होतीस?"

"मशीन बंद होतं ना सर, हातानं मोजलं. दहा मिनिटं तरी गेली असतील."

"मग ते येऊ दे ना! साहेबांना कळू दे, पोरगी किती मन लावून मोजत होती ते." मी 'फॉर टेन मिनिट्स' घातले. 'फॉर' आला म्हटल्यावर पस्तीस वर्षांपूर्वीचे सर माझ्या अंगात आले. 'हॅड काउंटेड' खोडून मी झोकात लिहिले, "हॅड बीन काउंटिंग." आता 'हॅड बीन काउंटिंग ट्वाइस' काही कानाला बरे लागेना, म्हणून 'ट्वाइस' उडवला. शिवाय 'गिऱ्हाईक आले' हे फारच साधे, म्हणून त्याच्या जागी 'इंटरप्टेड मी' घातले. वाक्य असे काही भरले की मी ते दोनदा मोठ्याने वाचून दाखवले.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. तुमच्याच लेखी जबाबावरून असे दिसते की, मोजणी चालू असताना तुम्हाला व्यत्यय आला व ती पुरी न करताच पॅकेट देण्यात आले. हा निष्काळजीपणा का समजू नये?

मुलगी काही बोलली नाही. पत्र माझ्या टेबलावर ठेवले आणि परत कॅबिनमध्ये जाऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

मी पत्र पुन्हा पुन्हा वाचले. लिहिणाऱ्याची काय चूक होती? काही नाही! "हॅड काउंटेड ट्वाइस" म्हणजे मोजून झाले होते, दोनदा, विषय संपला. "हॅड बीन काउंटिंग" म्हणजे मोजणे चालले होते. पुरे झाले का, त्याबद्दल वाक्य मूग गिळून. त्यात मी वर 'इंटरप्टेड' टाकून अपुरे राहिल्याचे जणू शपथेवर सांगितले. आणि जो एक शब्द तिला वाचवणार होता, तो 'ट्वाइस', मीच उडवला. तो शब्द तिथे बसत नव्हता, तेव्हाच मी ओळखायला हवे होते. किती, कितीदा, असा आकडा आला की काम पुरे झालेले असते आणि तिथे नुसता 'हॅड' लागतो. सहा पत्रे लिहिली होती: "हॅड रिटन सिक्स लेटर्स." सकाळपासून पत्रेच लिहीत होतो: "हॅड बीन रायटिंग लेटर्स." आकडा पाहिजे की घाम दाखवायचा आहे, एवढाच प्रश्न. मी घाम दाखवायला गेलो आणि आकडा गमावला.

मी बी.कॉम. आहे हो! मला हे कळायला हवे होते. आमच्याकडे वर्षअखेरीला दोन कागद निघतात. एक ताळेबंद, त्याच्या डोक्यावर लिहितात, '३१ मार्च रोजीचा'. त्या दिवशी पदरात काय पडले होते ते तो सांगतो. दुसरे नफा-तोटा पत्रक. त्यावर, '३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे'. त्या तारखेपर्यंत काय काय चालले होते ते ते सांगते. तारीख तीच, धंदा तोच, पण सवाल वेगळे. पास्ट परफेक्ट हा ताळेबंद आणि पास्ट परफेक्ट कंटिन्युअस हे नफा-तोटा पत्रक. दोन्हींना ती ३१ मार्चची खुंटी लागते, म्हणजे भूतकाळातला एक नंतरचा क्षण: गिऱ्हाईक आले तेव्हा, डॉक्टर पोचला तेव्हा, घंटा झाली तेव्हा. खुंटी नसेल तर 'हॅड' टांगायचा कशाला?

आणि आपण टांगतो! "मी काल पुण्याला गेलो होतो" हे अस्सल मराठी. जाऊन परत आलो, हा त्याचा अर्थ. त्याचेच आपण "यस्टरडे आय हॅड गॉन टु पुणे" करतो. ऐकणारा इंग्रज बिचारा कान टवकारून बसतो, हा गेला होता, तेवढ्यात काय झाले? घर फुटले? सासू आली? आणि आपण तोवर चहाला निघून गेलेलो असतो. तिथे साधे 'वेंट' पुरते.

आता सूत्राचा समाचार घेतो. 'फॉर' दिसला की 'हॅड बीन' म्हणता? मग "मी त्याला दहा वर्षं ओळखत होतो" याचे काय कराल? "हॅड बीन नोइंग" केलेत तर इंग्रजीची मान कापली जाते. ओळखणे, मालकी असणे, विश्वास असणे ही काही हात-पाय हलवून करायची कामे नव्हेत. त्यांना 'हॅड नोन' असेच लागते, मग 'फॉर' असो की नसो. वीस वर्षे एखाद्या ठिकाणी राहिलो किंवा नोकरी केली असेल, तर 'हॅड लिव्ह्ड' म्हणा, 'हॅड बीन लिव्हिंग' म्हणा, दोन्ही चालतात; अर्थात फारसा फरक पडत नाही. आणि उलट पाहा: तिचे डोळे लाल होते, "शी हॅड बीन क्राइंग." कुठे आहे 'फॉर'? कुठे आहे 'सिन्स'? पण डोळे सांगताहेत ना! सूत्राला डोळे नसतात, हीच तर तक्रार आहे. दुसऱ्या कलमाचीही तीच गत. 'आफ्टर' किंवा 'बिफोर' असले की आधी काय आणि नंतर काय हे त्या शब्दानेच कळते, तिथे साधा भूतकाळही खुशाल चालतो. म्हणजे त्या रोग्याला 'हॅड' न लावताही मरता आले असते.

म्हणून माझे म्हणणे असे, की या दोन काळांची निवड कोष्टकातून करूच नये. ती मराठीतून करावी. मराठीत हा फरक नाही म्हणणाऱ्यांनी आपल्या घरात कान द्यावा. आमची सौभाग्यवती इंग्रजीत कधी पस्तिसाच्या वर गेली नाही. पण मी उशिरा घरी आलो की ती म्हणते, "तुम्ही आलात तेव्हा चाळीस पोळ्या लाटून झाल्या होत्या." हा ताळेबंद, याला उत्तर नाही. आणि ज्या दिवशी सहानुभूती हवी असते त्या दिवशी म्हणते, "लाटून लाटून हात मोडून आले होते माझे." हे नफा-तोटा पत्रक, बहुतेक तोट्याचेच. 'लाटून झाल्या होत्या' म्हणजे "हॅड रोल्ड." 'लाटून लाटून' म्हणजे "हॅड बीन रोलिंग." चालून चालून पाय दुखत होते, रडून रडून डोळे सुजले होते, वाट पाहून पाहून जीव मेटाकुटीला आला होता. इंग्रजाने ज्या कामासाठी 'हॅड बीन' नावाचे दोन हमाल ठेवलेत, ते आपली आजी एक शब्द दोनदा उच्चारून करत होती. आणि जिथे असे दोनदा म्हणता येत नाही तिथे 'करत बसलो होतो', 'करत आलो होतो', 'चाललं होतं' आहेतच. खोट एवढीच, की साधे 'मोजत होते' हे आपण 'वॉज काउंटिंग'लाही वापरतो आणि 'हॅड बीन काउंटिंग'लाही. तेवढी एक गोष्ट मास्तरांनी सांगितली असती तर बारा खण आखायची वेळ आली नसती.

दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापून काढले. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे. इतक्या वर्षांची आपली स्वतःची पुंजी असताना आपण परक्या भाषेच्या दारात हात हलवत जातो आणि वर म्हणतो, इंग्रजी फार अवघड बुवा!

माझी मुलगी इंग्रजी शाळेत आठवीला आहे. तिला हे सगळे ऐकवले तर म्हणाली, "बाबा, आता कुणी एवढा विचार नाही करत. फोनच दुरुस्त करतो." मी तिच्यासमोर दोन्ही वाक्ये फोनवर टाइप केली. "आय हॅड काउंटेड द पॅकेट." "आय हॅड बीन काउंटिंग द पॅकेट." दोन्हींखाली लाल रेघ आली नाही. येणार कशी? दोन्ही शुद्धच आहेत. त्या दिवशी पॅकेट मोजून झाले होते की नाही, ते फोनला काय ठाऊक? ते त्या मुलीला ठाऊक होते. व्याकरण चुकले तर दुरुस्त करायला शंभर जण येतात, व्याकरण शुद्ध ठेवून खोटे बोलले गेले की कुणी येत नाही.

यावर काही विद्वान म्हणतील, एवढ्याशा 'बीन'साठी एवढा आटापिटा? बरोबर आहे. रोजच्या बोलण्यात याने आभाळ कोसळत नाही. आमच्या गल्लीतला रस्ता गेले वर्षभर खणला जात होता, हे इंग्रजीत काटेकोर सांगायला गेलो तर "हॅड बीन बीइंग डग" असे काहीतरी भयंकर होते. खुद्द इंग्रजही ते टाळतात आणि सरळ नगरपालिकेला शिव्या देतात. मीही देतो. पण जबाब, अर्ज, तक्रार, पोलिसातली फिर्याद असल्या कागदांवर दुसऱ्याची भाकरी अवलंबून असते. तिथे 'झाले होते' आणि 'चालले होते' यांत गल्लत करण्याचा हक्क कुणाला नाही. सूत्र शिकवणाऱ्या मास्तरांना नाही, आणि ते घोकून पंडित झालेल्या माझ्यासारख्या कारकुनाला तर मुळीच नाही.

तर त्या मुलीचे काय झाले ते सांगून संपवतो. महिन्याभराने चौकशीला एक साहेब आले. वयस्क, चष्मा कपाळावर ठेवणारे. फाइल उघडली, माझे ते भरलेले वाक्य वाचले, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "बाई, मला एवढंच सांगा. ते दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा पॅकेट मोजून झालं होतं, की मोजणं चाललं होतं?"

"मोजून झालं होतं, साहेब. दोनदा."

"मग असं कशाला लिहिलंत?"

मुलगी खाली बघत राहिली. माझे नाव तिने घेतले नाही. मला वाटते, मी तिथे एखादा मिनिट तरी पाण्याच्या कूलरकडे बघत उभा होतो. मग पुढे झालो आणि म्हणालो, "साहेब, ते इंग्रजी माझं आहे. बाईंचं वाक्य बरोबर होतं, मी सुधारलं." साहेबांनी तिचा पहिला कागद मागवला. तिने तो जपून ठेवला होता. पाहून ते इतकेच म्हणाले, "याहून चांगलं इंग्रजी कशाला लागतं?" निष्काळजीपणाचा शेरा फाइलमध्ये गेला नाही. सांभाळून काम करा, एवढ्यावर भागले. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती, म्हणतात ते हेच.

पाच हजार मात्र गेले ते गेलेच. एकशेदहा नोटा घेऊन गेलेले गिऱ्हाईक, असे कुणी असलेच तर, अजून परत आलेले नाही. संध्याकाळी मी पाकिटात अडीच हजार घालून तिच्यापुढे ठेवले. म्हटले, निम्मा तोटा माझा.

तिने पाकीट न उघडताच माझ्याकडे सरकवले. "पैसे नकोत, सर. एक मागू?"

"माग की!"

"माझं इंग्रजी यापुढे सुधारू नका."

मी कबूल केले. परवा तिचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावरून पुढे गेला. त्यात दुसऱ्याच ओळीत एक 'फॉर' होता. मी पेन खिशाला लावले आणि अर्ज जसाच्या तसा साहेबांकडे पाठवला.